मागची बाजू गावाची

गेल्या अंकात रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या प्रांतांतल्या काशाच्या नाण्यांवर मी जेमतेम एक पान लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सोन्याच्या मोहरेवर लिहिलं की ‘किंमत किती येईल?’ एवढंच विचारणारे फोन येतात. या वेळी लोकांनी खरोखरचे प्रश्न विचारले. एकतीस वर्षं एका संग्रहालयाच्या नाणेविभागात भिंग डोळ्याला लावून बसलेल्या बाईला आणखी काय हवं! सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही. पत्रं थोडी छाटली आहेत, त्याबद्दल रागावू नये.

प्रश्न : आम्ही मूळचे अलिबागजवळच्या नवगावचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. मी लहानपणी आईवडिलांबरोबर इकडे आले, पण मराठी वाचणं सोडलं नाही. मुलीने पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहातल्या एका नाण्याचा फोटो पाठवला. त्यावर म्हणे आमचा नोहा आहे. रोमन बादशहाच्या नाण्यावर नोहा काय करतोय? आणि तारू कुठे आहे? मला तर नवराबायको खोक्यात बसलेली दिसतात.
(लोद, इस्राएल)

उत्तर : ताई, तुम्हाला जे दिसलं ते बरोबर दिसलं. ते खोकंच आहे.

महाप्रलयात नोहाने ज्यात बसून आपलं कुटुंब आणि प्राणी वाचवले, त्याला मराठी बायबलात ‘तारू’ शब्द आला आणि आपल्या डोळ्यांपुढे शीड, नाळ, सुकाणू असलेलं गलबत उभं राहिलं. अलिबागच्या माणसापुढे तर राहणारच. मूळ हिब्रूत शब्द आहे ‘तेवा’, म्हणजे पेटी. बाळ मोशेला ज्या टोपलीत घालून नाईलच्या लव्हाळ्यात ठेवलं, तिलाही हाच शब्द. तुमच्या सिनेगॉगमध्ये मधोमध जो चौथरा असतो, जिथे उभं राहून तोरा हा धर्मग्रंथ वाचतात, त्याला ‘तेबा’ म्हणतात हे मी तुम्हाला सांगायला नको. ग्रीकमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी ‘किबोतोस’ हा शब्द घेतला. किबोतोस म्हणजे झाकणाची पेटी, संदूक. ठसा कोरणारा कारागीर ग्रीक बोलणारा होता, त्याने शब्द ऐकला तशी पेटी कोरली.

आता फोटो मोठा करून पाहा. उजवीकडे चौकोनी पेटी, झाकण उघडं. आत कमरेपर्यंत दिसणारा पुरुष, त्याच्या शेजारी डोक्यावरून वस्त्र घेतलेली बाई. उघड्या झाकणावर एक पक्षी बसला आहे आणि दुसरा, पाणी ओसरल्याची खूण म्हणून, फांदी घेऊन उडत येतो आहे. डावीकडे पुन्हा एक पुरुष आणि एक बाई, दोघांचा उजवा हात वर. ही दुसरी माणसं नव्हेत, हीच दोघं पेटीतून उतरून कोरड्या जमिनीवर आली आहेत आणि देवाचे आभार मानताहेत. चित्रकथीवाला ज्या गोष्टीला दोन पानं लावेल ती कारागिराने तीन-साडेतीन सेंटिमीटरच्या चकतीत बसवली. (आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे. त्याहून थोडं मोठं, एवढाच पसारा.) आणि कोणाला शंका राहू नये म्हणून पेटीच्या पुढच्या फळीवर तीन ग्रीक अक्षरं घातली : नि, ओमेगा, एप्सिलॉन. वाचा, ‘नोए’. पूर्वी आपल्याकडे पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने मालकाचं नाव घालत, अगदी तसंच.

मी हे नाणं फोटोंतच पाहिलं आहे, हातात कधी घेतलेलं नाही. पण त्या फळीवरच्या अक्षरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही हसू आलं होतं आणि आजही येतं.

आता बादशहाचं. नाण्याच्या दर्शनी बाजूला लॉरेलचा मुकुट घातलेला सेप्टिमियस सेव्हेरस आहे, राज्यकाळ इ. स. १९३ ते २११. त्याच्याभोवती त्याचं नाव आणि पदव्या, पण लॅटिनमध्ये नव्हे, ग्रीकमध्ये, आणि पदव्या दोन-तीन अक्षरांत उरकलेल्या. लग्नपत्रिकेत आपण ‘चि. सौ. कां.’ लिहितो त्यातला प्रकार. तेवढी दर्शनी बाजू बादशहाला दिली की मागची बाजू गावाची. हे एक सूत्र धरलं की या सगळ्या नाण्यांची भाषा कळायला लागते. सोनं आणि चांदी रोमने बहुतेक आपल्या हातात ठेवली. रोजच्या बाजारातली चिल्लर पाडायचं काम पूर्वेकडच्या शेकडो गावांवर सोपवलं. त्या त्या गावाने मागच्या बाजूवर आपलं देऊळ, आपली नदी, आपला देव, आपल्या जत्रा कोरल्या.

हे गाव अपामेया. आज त्याचं नाव दिनार, तुर्कस्तानातल्या अफ्योनकाराहिसार प्रांतात. अपामेयापूर्वी इथल्या गावाचं नाव होतं केलायनाय. अलेक्झांडरच्या सेल्युकस नावाच्या सेनापतीच्या वंशातल्या पहिल्या अँटायोकसने नवं शहर वसवलं आणि आईचं नाव दिलं, अपामा. आशिया प्रांतात एफेससनंतर मोठी बाजारपेठ हीच, असं ग्रीक भूगोलकार स्त्राबो लिहितो. आणि तोच स्त्राबो या गावाचं टोपणनाव देतो : अपामेया किबोतोस. पेटीवालं अपामेया! स्त्राबो या नाण्याच्या दोनशे वर्षं आधीचा. म्हणजे टोपणनाव आधीपासून लोकांच्या तोंडी होतं. कोणी म्हणतं मालाच्या पेट्यांमुळे पडलं असेल, व्यापारी गाव होतं. ते काहीही असो. पेटीच्या गावाला पेटीची एक घसघशीत गोष्ट हवी होती आणि ती गावातल्याच काही घरांत सांगितली जात होती.

ती घरं यहुद्यांची. त्यांचा पुरावा मजेशीर ठिकाणी आहे, एका वकिलाच्या भाषणात. इ. स. पू. ५९ मध्ये सिसेरोने फ्लाकस नावाच्या माजी सुभेदाराची वकिली केली. आरोपांपैकी एक असा की, यहुद्यांनी जेरुसलेमच्या मंदिराकडे पाठवायला जमवलेलं सोनं फ्लाकसने जप्त केलं. सिसेरो स्वतःच सांगतो की एकट्या अपामेयात जवळजवळ शंभर पौंड सोनं पकडलं. एवढं सोनं जमवणारी वस्ती छोटी किंवा फाटकी नव्हती. पुढे ‘सिबिलची भाकितं’ म्हणून जी ग्रीक पद्यं आहेत त्यांत तर सरळ म्हटलंय की अरारात डोंगर फ्रिगियातच, म्हणजे अपामेयाच्याच मुलखात आहे, मार्स्यास नदीचे झरे उगम पावतात तिथे. मार्स्यास अपामेयातूनच वाहते. म्हणजे तारू आमच्याच डोंगराला लागलं, असा गावाचा दावा.

बरेच लोक लिहितात की हे ‘यहुद्यांनी पाडलेलं नाणं’. मला ते पटत नाही. नाण्यावर लेख आहे तो असा : आर्तेमास तिसऱ्यांदा आगोनोथेतेस असताना, अपामेयाच्या लोकांचं. आगोनोथेतेस म्हणजे गावच्या क्रीडा-उत्सवाचा यजमान, खर्चाचा भार उचलणारा मोठा माणूस. मांडवाच्या कमानीवर ‘सौजन्य’ म्हणून ज्याचं नाव झळकतं तो. अशा उत्सवांत ग्रीक देवांना बळी दिले जात. त्याच गावाने इतर नाण्यांवर बासरीवाला मार्स्यास कोरला. अपोलोशी पैज लावून हरला आणि अंगाची साल घालवून बसला तो. त्याचं कातडं इथल्याच बाजारात टांगलेलं होतं, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. म्हणजे गावाच्या लेखी मार्स्यासही आमचा आणि नोहाही आमचा. ज्याची गोष्ट गावाला मान देते तो गावचा. सेव्हेरसनंतर मॅक्रिनस, तिसरा गॉर्डियन, फिलिप आणि ट्रेबोनियानस गॅलस यांच्या काळातही अपामेयाने हे चित्र पुन्हा पुन्हा पाडलं. साठेक वर्षं एक गोष्ट नाण्यावर टिकली, ती एका समाजाच्या हौसेवर टिकत नाही.

तुमच्या नवगावलाही अशी गोष्ट आहेच की : फुटलेलं गलबत, किनाऱ्याला लागलेली सात जोडपी. फोटो मुलीकडून मोठा करून मागवा आणि फ्रेम करा.

प्रश्न : परदेशी संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर अशा नाण्यांखाली लिहिलेलं असतं : ‘काशाचं, २४ मिमी, ९.१ ग्रॅम, ६ वाजता’. वजन-माप कळलं. सहा वाजता काय झालं? शिवाय पुष्कळ नाण्यांच्या अगदी मध्यावर बारीक खळगा दिसतो, तो नकलीपणाची खूण समजायची का?
(नाशिक रोड)

उत्तर : सहा वाजता काही झालं नाही! खिशातला रुपया काढा. अंगठा आणि तर्जनी यांच्यात वरून-खालून धरा, सिंहमुद्रा आपल्याकडे सरळ. आता बोटं न हलवता नाणं उभ्या अक्षावर फिरवा. मागचा आकडाही सरळच दिसेल. दोन्ही बाजूंची डोकी एकाच दिशेला, याला आम्ही ‘१२ वाजता’ म्हणतो. मागची बाजू उलटी, डोकं खाली पाय वर अशी आली तर ‘६ वाजता’. घड्याळाच्या काट्याने मागच्या बाजूचं डोकं कुठे आहे ते सांगायचं, एवढंच.

हे लिहायचं कशाला? हातोड्याने पाडलेल्या नाण्यात खालचा ठसा ऐरणीत रुतवलेला असतो आणि वरचा कारागिराच्या हातात. काही टांकसाळींत वरचा ठसा दर वेळी एकाच दिशेने धरायची शिस्त असे, काही ठिकाणी हात येईल तसा. एका गावची शंभर नाणी १२ वर असतील आणि तुमचं एकटंच ४ वर असेल तर भिंग काढायचं.

खळग्याचं म्हणाल तर उलट, तो पाहिला की मला बरं वाटतं. चकती ठशाखाली घालायच्या आधी घासून सपाट करताना टोकदार हत्यारात धरत, त्याची ती खूण. थ्रेस, मीसिया, आशिया मायनर इकडच्या काशाच्या नाण्यांवर सर्रास दिसतो. बादशहाच्या नेमका कानात किंवा गालावर येतो आणि बिचाऱ्याला देवीचे व्रण असल्यासारखं वाटतं.

त्याच पत्रात तुम्ही नाण्यावर नंतर मारलेल्या लहान शिक्क्यांबद्दलही विचारलंय. जुनं नाणं पुन्हा चालू करायला, दुसऱ्या गावात चालवायला किंवा त्याची किंमत बदलायला असे शिक्के मारत. पण तुम्ही नाशिकचे. तुमच्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये शक क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला आहे. जिंकलेल्याच्या तोंडावर जिंकणाऱ्याचा शिक्का. अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथे एकदा जाऊन या.

प्रश्न : सोबत एक व्हॉट्सॲप संदेश पाठवतो आहे. देवळाचे खांब, मध्ये गोल काळा दगड, त्यापुढे पक्षी, असं नाणं. संदेशात म्हटलंय की रोमन लोक शिवलिंगाची पूजा करत याचा हा पुरावा आणि तो दडपला गेला. खरं काय?
(सोलापूर)

उत्तर : हा संदेश मला वर्षातून चार वेळा येतो, दर वेळी ‘जास्तीत जास्त पुढे पाठवा’ या विनंतीसह. दडपलेलं काही नाही. हे नाणं आणि त्याची भावंडं मोठमोठ्या संग्रहालयांत काचेमागे मांडलेली आहेत.

नाणं एमेसाचं. आजचं सीरियातलं होम्स. तिथल्या देवाचं नाव एलागाबाल. त्याची मूर्ती नव्हती, दगड होता : काळा, बुडाशी गोल आणि वर निमुळता होत गेलेला. तो आकाशातून पडला असं पुजारी सांगत, हे इतिहासकार हेरोडियनने लिहून ठेवलंय. पुढचा पक्षी गरुड आहे. इ. स. २१८ मध्ये या देवळाचा चौदा वर्षांचा पुजारी रोमचा बादशहा झाला आणि देवाला रथात घालून रोमला घेऊन गेला. रोमन सरदारांना ते पचलं नाही. चार वर्षांत पोराला मारलं आणि देवाची रवानगी परत एमेसाला झाली. तुमच्या संदेशातलं नाणं त्यानंतरचं, युरेनियस अँटोनिनस नावाच्या बंडखोराचं. त्यावर वर्षही आहे, ५६५. हे कुठलं ५६५? आपण शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो ना, तसं यातून ३१२ वजा करायचे. सेल्युकस घराण्याचा शक तो. उत्तर येतं २५३-५४.

सायप्रसमधल्या पाफोसच्या नाण्यांवरही असाच दगड आहे, आणि तो तर आफ्रोदितेचा! ग्रीकांनी जिची सगळ्यांत देखणी रूपं घडवली ती देवी तिच्या मुख्य देवळात मात्र निमुळत्या दगडाच्या रूपात. रोमन इतिहासकार टॅसिटससुद्धा चक्रावला होता. देवीला माणसाचं रूप नाही, बुडाशी रुंद आणि वर निमुळती होत जाणारी गोलाकार वस्तू आहे आणि याचं कारण अज्ञात आहे, असं तो लिहितो. टॅसिटस सोलापूरकडचा असता तर त्याला एवढं कोडं पडलं नसतं. आपल्याकडे यासाठी शब्दच आहे : तांदळा. माहूरची रेणुका तांदळा, गावाबाहेरची मरीआई तांदळा, बांधावरचा शेंदूर फासलेला दगड तांदळा. देव आहे आणि त्याला नाकडोळे नाहीत यात आपल्याला काही विचित्र वाटत नाही. म्हणून काय माहूर आणि पाफोस एक होतात? देवाला दगडात पाहायची रीत अनेक लोकांकडे होती, आपापली. पाफोसजवळच्या कुकलियाच्या संग्रहालयात एक मोठा काळपट दगड ठेवलाय, तोच असावा असं मानतात. मी त्याचा फोटो आमच्या कामवाल्या मावशींना दाखवला. त्यांनी आधी हात जोडले आणि मग विचारलं, कुठली देवी?

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात काही हिरवी पडलेली विदेशी नाणी आहेत. चिंच किंवा लिंबू-मीठ लावून स्वच्छ करावीत का?
(चिपळूण)

उत्तर : नाही. नाही. आणि पुन्हा नाही.

आता का नाही ते सांगते, पण त्यासाठी मला स्वतःचा गुन्हा कबूल करावा लागेल. नोकरीचं दुसरं वर्ष. दोन-तीन जुनी नाणी अभ्यासासाठी माझ्या टेबलावर होती. त्यात अलेक्झांड्रियाचं एक भलंथोरलं काशाचं नाणं, हातात घेतलं की गार आणि जड. मागे पहुडलेला नाईल, हातात बोरू. कडेला वर्षाचा आकडा असणार हे मला माहीत होतं, कारण अलेक्झांड्रियाची नाणी राज्याभिषेकापासूनचं वर्ष सांगतात. पण हिरव्या-तपकिरी थराखाली आकडा नीट लागत नव्हता. मला काय दुर्बुद्धी झाली! घरी आजी काशाची वाटी चिंचेने घासते आणि ती कशी लखलखते हे पाहिलेलं. एका बशीत चिंचेचा कोळ केला आणि नाणं रात्रभर बुडवून ठेवलं.

सकाळी नाणं नव्या तांब्यासारखं गुलाबी झालं होतं. आणि गुळगुळीत. आकडा गेला, बोरू गेला, नाईलच्या दाढीचे कुरळे गेले. तेव्हा मला कळलं की पावणेदोन हजार वर्षं जमिनीत राहिलेल्या काशात वरचा धातू स्वतःच थर होऊन बसतो आणि बारीक नक्षी उरते ती त्या थरात. तो मळ नव्हे, ती नाण्याची कातडीच. मार्स्यासचं जे झालं तेच मी त्या नाण्याचं केलं. वरिष्ठ एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी ते नाणं लहान पाकिटात घातलं, त्यावर तारीख लिहिली आणि माझ्या खणात ठेवलं. निवृत्तीपर्यंत ते तिथेच होतं.

तुमच्या बाबतीत जास्त काळजी हवेची. चिपळूणचा पावसाळा मला माहीत आहे. गडद, घट्ट, चकचकीत हिरवा थर असेल तर नाणं सुखात आहे. पण फिकट पोपटी, पिठासारखी भुकटी दिसली आणि नखाने सुटली, तर तो रोग आहे. धातूत शिरलेले क्षार दमट हवेत जागे होतात आणि नाणं आतून खातात. ताक पितळी भांड्यात कळकतं तसं समजा, फक्त इथे थांबत नाही. असं नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत राहील असं पाहा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत ठेवू नका, ती स्वतःच आम्ल सोडतात. पुढचे उपचार घरचे नाहीत, संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाचे आहेत. आणि नाणं धरताना कडेला धरा, चेहऱ्यावर बोट नको. आंबा खाऊन तर मुळीच नको.

प्रश्न : तुर्कस्तानच्या सहलीत भग्नावशेषांबाहेर एका मुलाने आम्हाला ‘शेतात सापडलेली’ रोमन नाणी विकली. खरी आहेत का हे फोटोवरून सांगाल?
(कोथरूड, पुणे)

उत्तर : खोटी असावीत अशी तुमच्यासाठी मनापासून प्रार्थना करते. तुर्कस्तानात जमिनीतून निघालेली पुरावस्तू सरकारची असते आणि ती देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. विमानतळावर पकडलेले प्रवासी कोठडीत जातात. आपल्याकडे तरी काय वेगळं? १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही.

फोटोवरून सांगते : तिन्ही नाण्यांच्या कडेला मधोमध एक बारीक रेघ फिरली आहे, साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा जोड. बादशहाच्या मानेवर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे आहेत. ओतीव आहेत. पाडलेल्या नाण्याला असं होत नाही. पेपरवेट करा.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या गावात खूप जुन्या वस्तू सापडतात. सर म्हणाले की रोमचे लोक आमच्या गावाशी व्यापार करायचे. मग तुम्ही लिहिलेली काशाची नाणी आमच्याकडे सापडतात का?
(तेर, जि. धाराशिव)

उत्तर : तुझ्या पत्रातलं अक्षर फार सुंदर आहे, आणि प्रश्न या टपालातला सगळ्यांत चांगला.

सर बरोबर सांगतात. तुझ्या गावाचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने प्रवासाची वही लिहिली आहे. तो म्हणतो, भडोचपासून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथून गाड्यांतून, वाट नसलेल्या मुलखातून, कापड भडोच बंदराला येतं. तोच पुढे सांगतो की भडोचला सोन्याचांदीची नाणी न्यावीत, ती इथल्या पैशात बदलताना फायदा होतो.

बघ, सोन्याचांदीची म्हणाला, काशाची नाही. का? सोनं कुठेही सोनंच. वितळवलं तरी किंमत राहते. पण अपामेयाचं काशाचं नाणं अपामेयाच्या बाजारात भाजी घ्यायला चालायचं, फार तर शेजारच्या गावात. तेरच्या व्यापाऱ्याला त्याचं काय काम? तुझ्या शाळेच्या उपाहारगृहाचं कूपन पुण्यात चालेल का? शिवाय भारताकडे येणारी पुष्कळ जहाजं इजिप्तच्या बंदरांतून निघत आणि इजिप्तचा पैसा इजिप्तपुरताच असायचा. आत येताना बाहेरची नाणी बदलून घ्यावी लागत. म्हणून काशाची नाणी घरीच राहिली. आपल्या सातवाहनांची शिशाची नाणी रोमला गेली नाहीत, ती याच कारणाने. फार पुढे, चौथ्या-पाचव्या शतकात, रोमची लहान तांब्याची नाणी तमिळनाडूत आणि श्रीलंकेत पुष्कळ आली, पण ती शाही टांकसाळींची, गावांची नव्हेत.

नाणी आली नाहीत तरी काशाच्या वस्तू आल्या. कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर समुद्रदेव पोसायडनचा काशाचा छोटा पुतळा निघाला. एवढासा आहे, पण उभा राहण्याची ऐट बघण्यासारखी.

आणि तुझ्या गावची खरी गंमत वेगळीच आहे. तेरला, आणि तेलंगणातल्या कोंडापूरला, मातीच्या गोल चकत्या सापडल्या आहेत. त्यावर रोमन बादशहाचा चेहरा! टायबेरियसच्या नाण्यावरून मातीत ठसा घेतलेला. कोणाला तरी ते नाणं इतकं आवडलं की विकत घेणं परवडलं नाही तर मातीचं करून गळ्यात घातलं. आता तू एक काम कर. तुमच्या गावातल्या लामतुरे संग्रहालयात सरांबरोबर जा आणि मातीच्या चकत्या दिसल्या तर दोन गोष्टी बघ : वरच्या कडेला दोरा ओवायचं भोक आहे का, आणि बादशहाचं तोंड उजवीकडे आहे की डावीकडे. खऱ्या नाण्यावर दाबून साचा केला आणि त्या साच्यात माती भरली, तर तोंड खऱ्यासारखंच येईल. साचा कोणी नुसतं बघून हाताने कोरला असेल, तर ते उलटं पडण्याची शक्यता जास्त. काय दिसलं ते चित्र काढून मला पाठव. भोक काढायला विसरू नकोस.